‘पर्यंत’ म्हणजे बाय की अंटिल? दोन इंग्रजी शब्दांतला फरक स्वतः शोधण्याची रीत

‘शुक्रवारपर्यंत कागद पाठवते’ एवढंच मला इंग्रजीत कळवायचं होतं. मी लिहिलं, ‘आय विल सेंड द पेपर्स अंटिल फ्रायडे.’ पलीकडून विचारणा आली की रोज थोडे थोडे पाठवणार आहात का, एकदमच पाठवले तर सोयीचं होईल. मला वाटलं, थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती. त्या वाक्याचा अर्थच तसा होतो: शुक्रवार येईपर्यंत पाठवत राहीन. मला हवा होता तो शब्द बाय.

मग इंग्रजी-मराठी कोश उघडला. अंटिलपुढे ‘पर्यंत’. बायपुढे ‘ने, कडून, जवळ’ अशी रांग आणि शेवटी पुन्हा ‘पर्यंत’. म्हणजे जिथे अडले होते तिथेच परत आले. दोन-चार जणांना विचारलं तर प्रत्येकाने वेगळा नियम सांगितला, आणि प्रत्येक नियम तिसऱ्या वाक्याला मोडला.

पुढची काही वर्षं अशा जोड्या सोडवत गेले आणि हळूहळू एक रीत बसली. खाली तीच आहे. या वाटेने तुम्हाला शिक्षकाविना, सुरुवातीला अर्ध्या तासात आणि पुढे दहा मिनिटांत, कुठल्याही जोडीचा निकाल लावता येईल. एक गोष्ट मात्र आधीच सोडून द्या: ‘या दोन शब्दांत फरक काय?’ हा प्रश्न. त्याऐवजी असं विचारा: ‘कुठल्या वाक्यात एक चालतो आणि दुसरा चालत नाही?’ पहिल्या प्रश्नाला व्याख्यान मिळतं, दुसऱ्याला उत्तर.

काय काय लागेल

– एक वही. कागदाचीच असावी असं माझं मत. फोनमधल्या टिपणांकडे आपण परत फिरकत नाही.

– शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कॉलिन्स कोबिल्ड, यांतला कुठलाही. चारही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेला जाडजूड कोश इथे कामाचा नाही. तो अवघड शब्द समजावतो आणि सोपे शब्द गृहीत धरतो. आपली अडचण नेमकी सोप्या शब्दांची असते.

– शब्दांच्या सोबतींचा कोश, म्हणजे कुठल्या शब्दाबरोबर कुठला शब्द येतो हे सांगणारा. ऑक्सफर्डचा असा कोश २००२ साली पहिल्यांदा आला. नसला तरी भागतं, कारण पुढची वस्तू आहे.

– एखादा कॉर्पस. खऱ्याखुऱ्या वापरातल्या वाक्यांचा हा प्रचंड साठा असतो आणि त्यात शोध घेता येतो. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत. अमेरिकन इंग्रजीचा कोका नावाचा कॉर्पस १०० कोटींच्या वर जातो आणि त्यात १९९० ते २०१९ या काळातला मजकूर आहे. दोन्हींत नाव नोंदवून शोधता येतं.

– मराठी. हे साधन बहुतेक जण घरीच ठेवून निघतात. दुसरी पायरी त्याच्यावरच आहे.

१. शंका शब्दांत नको, वाक्यात लिहा

वहीच्या पानावर ‘बाय आणि अंटिल’ असं लिहून बसू नका. ज्या वाक्याशी अडलात ते आख्खं वाक्य लिहा, आणि आधी मराठीत लिहा, कारण तुम्हाला काय म्हणायचं आहे ते तुम्ही मराठीतच पक्कं जाणता. त्याखाली दोन्ही इंग्रजी रूपं.

हे का, ते बाय या शब्दावरूनच दिसेल. त्याचे दहा-वीस तरी उपयोग आहेत: कोणी केलं ते सांगायला, कशाच्या शेजारी ते सांगायला, कुठल्या वाहनाने गेलो ते सांगायला. अंटिलशी त्याची टक्कर फक्त वेळेच्या अर्थाने होते. वाक्य समोर असलं की बाकीचे उपयोग आपोआप बाजूला पडतात. नुसते शब्द घेऊन बसलात तर कोशातले वीस अर्थ वाचून दमाल आणि जोडी तशीच राहील.

२. मराठी शब्द बदलून पाहा

इंग्रजी शिकवणारे बजावत असतात, ‘मराठीतून विचार करू नका.’ मला हा सल्ला अर्धवट वाटतो. पुष्कळदा इंग्रजीतला फरक मराठीत आधीपासून असतोच. आपण घाईत एकच सरधोपट मराठी शब्द धरतो आणि फरक झाकून टाकतो.

सी आणि लुक घ्या. दोन्हींना ‘पाहणे’ म्हटलं की गोंधळ झालाच. पण मराठीत दिसणे आणि बघणे वेगळे आहेत. ‘मला खिडकीतून झाड दिसलं’, इथे सी. ‘मी खिडकीतून बाहेर बघितलं’, इथे लुक. हिअर आणि लिसन तसेच: ऐकू येणं आणि ऐकणं. ‘बोललेलं ऐकू आलं, पण ऐकलं नाही’ हे वाक्य लहानपणी प्रत्येकाने घरी ऐकलेलं आहे, त्यातच दोन्ही क्रियापदांचा उलगडा आहे. (वॉच राहिला. तो चालत्या, बदलत्या गोष्टीकडे टक लावून बघण्याचा. खेळ बघतात तेव्हा वॉच, चित्राकडे बघतात तेव्हा लुक.)

से आणि टेल ही जोडी तर मराठीत जवळजवळ जशीच्या तशी आहे: म्हणणे आणि सांगणे. गोष्ट ‘सांगतात’, कोणी गोष्ट ‘म्हणत’ नाही. इंग्रजीतही स्टोरीबरोबर टेल. प्रार्थना ‘म्हणतात’, इंग्रजीत प्रेअरबरोबर से. गाणंही आपण म्हणतो, पण तिथे इंग्रजी साथ सोडतं आणि सिंग वापरतं. तेव्हा मराठीचा कौल पहिला अंदाज म्हणून घ्या. निकाल पुढच्या पायऱ्यांवर.

राइज आणि रेज यांच्यासाठी अशीच किल्ली आहे. भाव वाढले, तिथे राइज. भाव वाढवले, तिथे रेज. वाढणे-वाढवणे, शिकणे-शिकवणे, आठवणे-आठवण करून देणे: मराठीत जिथे ‘-व-’ घुसतो किंवा ‘करून देणे’ लागतं, तिथे इंग्रजीत पुष्कळदा दुसरंच क्रियापद उभं असतं. लर्न आणि टीच, रिमेंबर आणि रिमाइंड.

आता आपलं ‘पर्यंत’. इथे मराठीत उघड दोन शब्द नाहीत, पण जवळचे पर्याय आहेत. ‘शुक्रवारपर्यंत’च्या जागी ‘शुक्रवारच्या आत’ बसतंय का ते पाहा. ‘शुक्रवारच्या आत कागद पाठवते’, बसलं, म्हणून बाय. ‘शुक्रवारपर्यंत गावाला आहे’ यात ‘शुक्रवारच्या आत गावाला आहे’ बसत नाही, तिथे अंटिल. आणि वाक्यात ‘येईस्तोवर’, ‘होईस्तोवर’ अशी रूपं सहज येत असतील तर अंटिलच: ‘तू येईस्तोवर थांबते.’

या चाचणीत एक छिद्र आहे. ‘शुक्रवारच्या आत’ म्हटलं की मराठीत गुरुवार हा शेवटचा दिवस, असंही कोणी समजेल. बाय फ्रायडे म्हटल्यावर मात्र शुक्रवार सहसा धरलेला असतो. मुदतीचा मामला असेल तर वेळही लिहून टाकावी.

३. इंग्रजी-इंग्रजी कोशात दोन्ही शब्द शेजारी उघडा

एक वाचून मिटवायचा आणि मग दुसरा, असं नको. दोन खिडक्या उघडा. अर्थ वाचण्याआधी उदाहरणं वाचा. व्याख्या माणसाने घडवलेली असते. उदाहरणं चांगल्या कोशांत खऱ्या वापरातून उचललेली किंवा त्यावर बेतलेली असतात.

या कोशांची घडणच वेगळी आहे, ती कळली तर ते वापरता येतात. ऑक्सफर्डचा जो कोश आज शिकणाऱ्यांच्या हातात असतो त्याचं मूळ जपानमध्ये आहे. तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांबरोबर तो केला, १९४२ साली तो टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने छापला. परक्या विद्यार्थ्यांची गल्लत कुठे होते हे रोज पाहणाऱ्यांच्या हातचं हे काम आहे. लाँगमनच्या १९७८ च्या कोशाने व्याख्या लिहायला सुमारे २,००० सोपेच शब्द वापरायचं बंधन घालून घेतलं. कोबिल्ड १९८७ साली आला. त्याचं काम बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या हाताखाली झालं आणि त्यात व्याख्या पूर्ण वाक्यात दिलेली असते. शब्द वाक्यात कसा बसतो ते त्या व्याख्येतच दिसतं. एकच कोश निवडायचा झाला तर मी कोबिल्ड निवडेन. जोड्या सोडवायला त्याच्यासारखा दुसरा नाही.

या कोशांत शब्दाच्या नोंदीखाली छोटी चौकट सापडेल. तिच्यात नेमक्या अशाच गोंधळाच्या जोड्या समजावलेल्या असतात. अनेकदा तुमचं काम इथेच संपतं. मी पहिली दोन वर्षं या चौकटी जाहिराती समजून ओलांडत होते.

४. अदलाबदल करा

खरी पायरी ही. पाच-सहा उदाहरणं वहीत उतरवा, त्यातला शब्द खोडा, दुसरा घाला. तीनपैकी एक काहीतरी होईल.

काहीच बिघडणार नाही. पाऊस सुरू झाला हे सांगताना बिगिन घाला की स्टार्ट, फरक पडत नाही. अशा वेळी सुटलो म्हणून वही मिटू नका. ज्यात बिघडेल असं एक तरी वाक्य शोधा. गाडी चालू केली, इथे स्टार्ट चालतो, बिगिन अजिबात नाही. हे एक वाक्य सापडलं की जोडीचा सांधा सापडला.

किंवा अर्थ कळेल पण कानाला खटकेल. मोठी चूक म्हणजे बिग मिस्टेक. लार्ज मिस्टेक म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळेल, पण तो क्षणभर थांबेल. हा खटका कशामुळे ते सहाव्या पायरीवर.

किंवा वाक्य दोन्हीकडे शुद्ध राहील आणि अर्थच पालटेल. धोका इथे आहे, कारण चूक झाल्याचं कोणालाच कळत नाही. बाय आणि अंटिलचा नकार बघा:

‘आय वोन्ट फिनिश बाय फ्रायडे’: शुक्रवारपर्यंत काही माझं होत नाही. शुक्रवार उलटेल, त्यानंतर कधीतरी होईल.

‘आय वोन्ट फिनिश अंटिल फ्रायडे’: शुक्रवारशिवाय माझं होत नाही. म्हणजे शुक्रवारी होईल.

दोन्ही वाक्यं निर्दोष. पहिल्यात काम शुक्रवारी मिळणार नाही, दुसऱ्यात मिळणार आहे. मराठीतही ‘शुक्रवारपर्यंत नाही’ आणि ‘शुक्रवारशिवाय नाही’ असे दोन वेगळे प्रयोग आपण करतो, पण भाषांतर करताना दोन्हींच्या जागी एकच ‘पर्यंत’ मनात येतं. मला पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा जुने दोन निरोप काढून पाहिले. एक चुकला होता. कोणी काही बोललं नव्हतं, त्यांनी फक्त शुक्रवारी वाट पाहिली असणार.

याच अदलाबदलीतून या जोडीचा गाभा हाती येतो. बायबरोबर एकदाच घडून संपणारी गोष्ट येते, ती मुदतीआधी कधीही घडो. अंटिलबरोबर चालू असलेली स्थिती येते, ती त्या क्षणापर्यंत अखंड चालते आणि मग थांबते. म्हणून पाठवणे, पोचणे, संपवणे यांच्याबरोबर बाय. थांबणे, राहणे, झोपणे, वाट पाहणे यांच्याबरोबर अंटिल. आणि पाठवण्यासारख्या क्रियेला अंटिल जोडला की इंग्रजी वाचक ती क्रिया ताणून ‘पाठवत राहीन’ अशी वाचतो, माझ्या कागदांचं झालं तसं.

हा नियम मी कुठे वाचला नाही, माझ्या वहीत तयार झाला. नंतर पुस्तकात तोच सापडला, ती गोष्ट वेगळी. पण स्वतः काढलेला म्हणून विसरले नाही.

५. शब्दाला मागे-पुढे काय लागतं ते तपासा

काही जोड्यांत अर्थाची झटापट करण्यात वेळ जातो आणि फरक निव्वळ रचनेचा निघतो. चार गोष्टी बघा: पुढे माणूस लागतो का, पुढे आख्खं वाक्य चालतं का, कुठलं शब्दयोगी लागतं, आणि नाम मोजता येतं का.

टेलला ऐकणारा लागतो: टेल मी, टेल हर. सेला लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला आणायचंच झालं तर मध्ये टू घालावा लागतो. ‘से मी’ ही आपली नेहमीची चूक. टेलचे अपवाद मोजके आहेत: खरं, खोटं, गोष्ट, वेळ. यांच्यापुढे ऐकणारा नसला तरी टेल चालतो.

डिस्कस आणि टॉक. आपण ‘विषयावर’ किंवा ‘विषयाबद्दल’ चर्चा करतो, म्हणून हात आपोआप डिस्कसपुढे अबाउट लिहितो. टॉकला अबाउट लागतो, डिस्कसला लागत नाही.

अंटिलपुढे आख्खं वाक्य चालतं: ‘अंटिल यू कम’. बायपुढे चालत नाही. तिथे ‘बाय द टाइम’ घ्यावं लागतं: ‘बाय द टाइम यू कम’. ‘तू येशील तोपर्यंत माझं आटोपलेलं असेल’ याचं इंग्रजी करताना इथेच घोटाळा होतो. आणि ‘पर्यंत’ जागेचं असेल, ‘पुलापर्यंत चालत गेलो’ सारखं, तर बायही नको, अंटिलही नको. ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’ घ्या.

बॉरो आणि लेंड यांचं काम एका वाक्यात होतं: उसनं घेणं बॉरो, उसनं देणं लेंड. मराठीत ‘उसनं’ दोन्हीकडे असल्यामुळे डोळ्यांना जोडी सारखी वाटते एवढंच.

६. शब्दाचे सोबती शोधा

मराठीत परीक्षा ‘देतात’, निर्णय ‘घेतात’, चूक ‘करतात’, वचन ‘देतात’. का, ते विचारू नका. भाषेत काही शब्दांची जोडी जमलेली असते आणि ती मोडली की बोलणारा परका वाटतो. मराठी नव्याने शिकणारा कोणी ‘मी निर्णय केला’ म्हणाला तर अर्थ कळतो, पण आपण मनात टिपतोच. लार्ज मिस्टेक ऐकणाऱ्याचं तेच होतं.

कॉर्पस इथे उघडायचा. कोका आणि ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या दोन्हींच्या एका लोकप्रिय शोधपानावर ‘कंपेअर’ अशी सोय आहे. दोन शब्द दिले की एकाचे सोबती डावीकडे आणि दुसऱ्याचे उजवीकडे येतात. बिग आणि लार्ज घालून पाहा. लार्जकडे संख्या, प्रमाण, रक्कम, टक्का यांचे शब्द गोळा होतात: नंबर, अमाउंट, क्वांटिटी. बिगकडे महत्त्वाचे, भावनेचे, घरगुती शब्द: मिस्टेक, डील, सरप्राइज, ब्रदर. लार्ज ब्रदर म्हटलं तर भाऊ अंगाने मोठा होतो, वयाने नाही. हे सगळं कोशाच्या ‘मोठा’ या एका शब्दात दडलेलं होतं.

मेक आणि डू ही आपली खास डोकेदुखी, कारण दोन्ही म्हणजे ‘करणे’. शिकवताना सांगतात की काही नवं घडत असेल तर मेक, काम उरकायचं असेल तर डू. आरंभाला ठीक आहे. नॉइज, प्रॉमिस, प्रोग्रेस, फोन कॉल यांच्याबरोबर मेक. होमवर्क, एक्सरसाइज, रिसर्च यांच्याबरोबर डू. पण मग डॅमेज येतो. नुकसान होतं तेव्हा काहीतरी नवंच घडलेलं असतं ना? तरी डू डॅमेज. एफर्ट हे तर सरळसरळ काम, तरी मेक अ‍ॅन एफर्ट. या जोडीत नियमाचा शेवटपर्यंत पाठलाग करू नका. वीसेक सोबती पाठ करा आणि पुढे जा.

सगळ्यात मोठा धक्का मला ‘निर्णय घेणे’ने दिला. ‘टेक अ डिसिजन’ हे मराठीवरून उचललेलं चुकीचं इंग्रजी, खरं इंग्रजी ‘मेक अ डिसिजन’, असं मला कोणीतरी ठणकावून सांगितलं होतं आणि मीही ते पुढे चार जणांना ठणकावलं. कॉर्पसात पाहिलं तर ब्रिटिश मजकुरात टेक अगदी सुखाने नांदतोय. अमेरिकेत मेकचं पारडं पक्कं जड आहे, ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. परीक्षेची गोष्ट उलटी: ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’ म्हटलं की ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला तुम्ही परीक्षा घेणारे वाटता. देणारा टेक करतो. आपल्या इकडच्या इंग्रजीत गिव्ह सर्रास ऐकू येतो आणि कळतोही, पण निरोप कुठे जाणार आहे ते बघून शब्द निवडा.

गूगलचा एनग्राम व्ह्यूअर २०१० सालापासून आहे. त्यात दोन शब्द स्वल्पविराम देऊन घातले की छापील पुस्तकांतल्या वापराचे आलेख दिसतात. मजेशीर आहे, पण फसवा आहे. बाय आणि अंटिल घातलेत तर बाय आभाळाला टेकलेला दिसेल, कारण आलेखात त्याचे सगळे वीस अर्थ एकत्र मोजलेले असतात. त्याला एकटा शब्द देण्यापेक्षा तीन-चार शब्दांचे पूर्ण तुकडे द्या, मग तो काहीतरी कामाचं सांगतो.

७. सूर ऐका

अर्थ एक, रचना एक, तरी शब्द वेगळे, अशा जोड्या उरतात. तिथे फरक सुराचा असतो.

मराठीत पाणी आणि जल, दार आणि द्वार, हात आणि हस्त. शेजाऱ्याकडे कोणी ‘जल’ मागत नाही. इंग्रजीतही असे दोन थर आहेत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर काही शतकं दरबार आणि कायदा यांत फ्रेंचचा दबदबा होता, विद्येची भाषा लॅटिन होती, आणि या दोन्हींतून इंग्रजीत शब्दांचा लोंढा आला. म्हणून रोजचा बाय आणि दस्तऐवजी पर्चेस. (हा खरेदीचा बाय, वरचा नव्हे; देवनागरीत दोघे सारखेच दिसतात.) हेल्प आणि असिस्ट, बिगिन आणि कमेन्स, लिव्ह आणि रिसाइड. आपण शाळेत इंग्रजी पुस्तकातून शिकलो, त्यामुळे आपला हात जड शब्दाकडे जातो आणि मित्राला लिहिलेली चिठ्ठीही नोटीस वाटते. शंका असेल तर छोटा शब्द घ्या.

दुसरा सूर आवड-नावडीचा. काटकसरी आणि चिक्कू एकाच सवयीची दोन नावं आहेत, बोलणाऱ्याचं मत तेवढं वेगळं. थ्रिफ्टी आणि स्टिंजी तसेच. चाइल्डलाइक म्हणजे बालसुलभ, चाइल्डिश म्हणजे पोरकट. कोणाचं कौतुक करायला जाऊन दुसरा शब्द वापरलात तर तो माणूस सभ्यपणे हसेल आणि लक्षात ठेवेल. कोशात अशा शब्दांपुढे नापसंती दाखवणारी खूण असते, तिच्याकडे बघा.

देशागणिक सूर बदलतो तो भाग थोडक्यात. प्रस्ताव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं आणि अमेरिकेत लांबणीवर टाकणं. एकाच शब्दाचे हे उलटे अर्थ माहीत नसले तर बैठकीत फजिती ठरलेली.

८. एका ओळीत उत्तर, तीन वाक्यं स्वतःची

आता वहीत निकाल लिहा. माझ्या वहीत या जोडीखाली एवढंच आहे: ‘बाय: एकदा होऊन संपेल, मुदतीआधी कधीही. अंटिल: चालूच राहील, मग थांबेल. नकारात सांभाळ!’ खाली माझी तीन वाक्यं, माझ्याच आयुष्यातली. कोशातलं वाक्य उतरवू नका, ते डोक्यात राहत नाही. ज्या निरोपात चुकला होतात तो दुरुस्त करून लिहिलात तर उत्तम.

आठवड्याने पान झाकून फक्त मराठी वाक्यं वाचा आणि इंग्रजी करा. अडलात तर चौथ्या पायरीवर परत जा. तिथे वाक्यं कमी पडलेली असतात.

जिथे पाय घसरतो

मराठीत रुळलेला इंग्रजी शब्द. ‘हॉटेल’ म्हणजे आपल्याकडे जेवायची जागाही असते. बाहेरच्या इंग्रजी बोलणाऱ्याला ती फक्त राहायची जागा. जेवायला रेस्टॉरंट. ‘लाइट गेली’ हे शब्दशः सांगितलंत तर समोरच्याला दिवा विझल्यासारखं वाटेल, वीज गेली हे पोचवायला पॉवर हवा. ओळखीचा चेहरा म्हणून या शब्दांची आपण चौकशीच करत नाही, म्हणून हा सापळा सगळ्यांत वाईट.

व्युत्पत्ती. शब्द कुठून आला ते वाचायला मला फार आवडतं, पण आजचा अर्थ त्यावरून ठरवू नका. नाइस हा शब्द ‘अडाणी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. आपल्याकडे ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि हिंदीत शिक्षण, हे आठवलं तरी पुरे.

भाषांतराचं यंत्र. नुसता शब्द घातलात तर दोन्हींना ‘पर्यंत’ मिळेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या चौकात. पूर्ण वाक्य घातलंत तर उत्तर पुष्कळदा बरोबर येतं, पण का बरोबर ते कळत नाही. उत्तर पडताळायला वापरा, शोधायला नको.

एकदम दहा जोड्या. दिवसाला एक पुरे. दोन सारख्या जोड्या एकाच दिवशी केल्या तर चारही शब्द एकमेकांत मिसळतात. मी राइज-रेज आणि लाय-ले एका संध्याकाळी केले होते, आणि लाय-ले मला आजही थांबून आठवावं लागतं.

सुरुवातीला या क्रमाने जा: से आणि टेल, मग बॉरो आणि लेंड, मग सी आणि लुक. या तिन्हींत मराठी तुमच्या बाजूने आहे. त्यानंतर बाय आणि अंटिल. मेक आणि डू सगळ्यांत शेवटी, आणि तेही कॉर्पस हाताशी असेल त्या दिवशी.